फक्कीचा कारखाना

मक्याच्या कारखान्यात मी पहिल्यांदा दुपारची झोप काढली तेव्हा कारखान्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं आणि मक्याचा दाणाही नव्हता. बाभुळगावातल्या आमच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या होत्या. पण रेघांच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून, फेब्रुवारीचं ऊन पायांवर घेऊन डोळे मिटले, की रेघांवरून हळूहळू भिंती वर यायच्या. आधी गुडघ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत. खिडकीची जागा तेवढी मोकळी सोडायच्या. वर पत्रे चढायचे आणि कुठून तरी भाजलेल्या मक्याचा खमंग वास यायचा. तो वास शेजारच्या मारोतरावांच्या घरच्या फोडणीचा असतो, असं माझ्या बायकोचं मत आहे.

बायको म्हणजे विमल. कारखाना तिचा, म्हणजे तिच्या बचत गटाचा. बेंबळ्याच्या कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्याकडे रब्बीत मका दिसायला लागलाय. तो सुकवायचा, सोलायचा, भाजायचा, भरडायचा आणि पाकिटात भरून विकायचा, असं गटातल्या सात बायकांनी ठरवलं. सरकारी योजनेच्या अर्जाला जागेचा आराखडा जोडायचा होता. ‘यवतमाळचा एखादा इंजिनिअर पाहू,’ असं विमल जेवताना सहज बोलून गेली आणि माझा घास तोंडातच राहिला.

मी एकतीस वर्षं शाळेत पीटीचा मास्तर होतो. या एकतीस वर्षांत तालुक्यात जिथे जिथे सरळ रेघ लागली तिथे ती मी मारली. खो-खोचं मैदान, कबड्डीचं मैदान, झेंडावंदनाच्या रांगा, इतकंच काय, एकदा सामुदायिक विवाहसोहळ्यात नवरदेवांना उभं करायच्या जागासुद्धा मी आखून दिल्या होत्या. आणि सख्खी बायको इंजिनिअर शोधते! मी म्हणालो, ‘‘इंजिनिअर कागदावर काढतो. कागदात माणसाला चालून बघता येतं का? मी जमिनीवर काढतो. जेवढा कारखाना, तेवढाच आराखडा.’’

‘‘काढा बावा,’’ विमल म्हणाली. ‘‘पण महिनाअखेरीले कोबा टाकाचा हाय. मिस्त्रीले तारीख देली मी. मंग मले सांगू नका, अजून एक रेघ राह्यली.’’

दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावरून माझी दोरी काढली. तीस मीटरची सुती दोरी, दर मीटरला लाल चिंधी बांधलेली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मला शाल आणि नारळ दिला, पण ही दोरी मी स्वतः मागून घेतली होती. शाल अजून पिशवीतून निघालेली नाही. मी दोरीचं एक टोक रस्त्याकडच्या कुंपणाला बांधलं आणि दुसरं घेऊन मागच्या कुंपणापर्यंत गेलो. दोरी बरोबर पुरली. एक चिंधी कमी नाही, एक जास्त नाही. मग मी खरेदीचे कागद उघडले. कागदावर लांबी होती अठ्ठावीस मीटर.

मी तिथेच मातीत बसलो. दोन मीटर जादा! आयुष्यात मला रेशनपासून रजेपर्यंत कुणी काही जादा दिल्याचं आठवत नाही, आणि इथे चक्क जमीन. कारखान्याला अठ्ठावीस मीटर पुरत होते. त्या जादाच्या दोन मीटरचं काय करायचं, याचा विचार करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी तिथे व्यवस्थापकाचं कार्यालय आखलं. दोन मीटर रुंद. टेबल, खुर्ची, मागे कपाट, आणि समोर अशी खिडकी की सगळा कारखाना एका नजरेत दिसावा. व्यवस्थापक कोण, हे गटाच्या बैठकीत ठरायचं होतं, पण खिडकीची उंची मी माझ्या डोळ्यांना धरून ठरवली.

आठ दिवसांत सगळं गाव कारखाना बघून गेलं. गंमत अशी, की लोक रेघेवरून पाय टाकत नसत. वळसा घालून जिथे दार सोडलं होतं तिथूनच आत यायचे. मारोतराव पहिल्या दिवशी आले ते रेघेबाहेर चपला काढून. मग कमरेवर हात ठेवून सभोवार हवेकडे बघत म्हणाले, ‘‘हवा मस्त खेळते सर अंदर.’’ पण भट्टीची खोली चुकीच्या कोपऱ्यात आहे, असं त्यांना वाटलं. ‘‘आग म्हनजे आग्नेयले पाह्यजे. नाईतर मका भाजनार नाई, घरचेच भाजतीन.’’ मी भट्टी पायानं पुसली आणि रस्त्याच्या बाजूला, अगदी पहिल्या चिंधीपासून आखली. गटातल्या शमसुन्निसाबाईंना पाकीट भरायच्या खोलीला खिडकी हवी होती. ‘‘सात बाया दिवसभर बसतीन सर. रस्त्यानं कोन चाललं थे दिसलं पाह्यजे, नाईतर काम कसं होईन?’’ त्यांच्यासाठी मी हातभर रेघ पुसून खिडकी केली. भिंत मानायची नाही ती फक्त मारोतरावांची बकरी. ती सरळ गोदामातून शिरून कार्यालयातून बाहेर पडायची आणि मला मनापासून राग यायचा.

आणि दुपारी मी असायचो एकटा. चार घास खाऊन कार्यालयात खुर्ची टाकायचो. डोळे मिटले की वाळवणावर पिवळंजर्द कणसांचं शेत पसरायचं. भट्टीचा ढोल संथपणे फिरायचा, दाणे आतल्या आत पावसासारखे वाजायचे, सात बायका एका लयीत पाकिटं मिटायच्या. वणीकडे, झरी जामणीकडे जाणाऱ्या गाड्या फाटकात उभ्या असायच्या आणि त्यांच्यावर पोती सरळ रांगेत, दोन पोत्यांत अंतर सारखं. मी खिडकीतून नुसता बघायचो. शिट्टी गळ्यात असायची, पण वाजवावी लागायची नाही. इतकी शिस्त मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती योजनेच्या ऑफिसात. अर्पिता मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या. त्यांनी आराखड्याची कागदावरची नक्कल बघितली, मिळकतीचा उतारा बघितला आणि विचारलं, ‘‘सर, जागा अठ्ठावीस मीटर आणि बांधकाम तीस मीटर? दोन मीटर कुठे बांधणार?’’ मी अभिमानानं सांगितलं, की जागाच तीस मीटर आहे. ‘‘मग मोजणी करून आणा,’’ त्या म्हणाल्या.

मोजणीच्या ऑफिसातले लिपिक फार सज्जन होते. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. ‘‘जागा कमी भरली म्हनून रोज दहा लोक येतेत. जास्त भरली म्हनून आलेले तुमीच पयले. याचा नमुनाच नाई आमच्याकडे.’’ शेवटी छापील अर्जातला ‘कमी’ शब्द मी त्यांच्यासमोर खोडला, वर ‘जास्त’ लिहिलं आणि खाली सही केली. बाहेर पडताना दोन-तीन माणसं मला बघायला उठून उभी राहिली.

ही बातमी माझ्या आधी मारोतरावांकडे पोचली. संध्याकाळी ते आले. या वेळी चपला काढल्या नाहीत. ‘‘सर, तुमचे दोन मीटर जास्त भरले म्हनते?’’

‘‘देवाची कृपा,’’ मी म्हणालो.

‘‘देवाची कायले? तुमच्या मांगं मायाच प्लॉट हाय. थे दोन मीटर माये असन.’’

पंचवीस वर्षांचा शेजार. त्यांच्या कपाशीच्या हंगामात मी त्यांच्या घराची राखण केलेली, माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी तीन दिवस पंगती वाढलेल्या. आणि आता आम्ही दोघं, दोन पिकलेली माणसं, फक्कीच्या कार्यालयात उभे राहून एकमेकांना ‘तुम्ही अतिक्रमण केलं’ म्हणत होतो. त्या दिवसापासून त्यांच्याकडून येणारी भाजीची वाटी बंद झाली. भाजलेल्या मक्याचा वासही यायचा थांबला.

एवढ्यात यंत्र आलं.

यंत्र नजीरनं केलं होतं. नजीर म्हणजे शमसुन्निसाबाईंचा नवरा. यवतमाळ रोडवर त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आणि तो माझा विद्यार्थी. नुसता विद्यार्थी नाही, माझ्या सगळ्यात चांगल्या खो-खो संघाचा कॅप्टन. भट्टीची खोली मी त्याला सात मीटर सांगितली होती. त्यानं साडेसहा मीटरची लांबलचक भट्टी बनवली, मागेपुढे माणसाला सरकायला जागा राहावी म्हणून. ट्रॅक्टरवरून ती उतरली तेव्हा सातही बायका आणि निम्मं गाव हजर होतं. मारोतराव आपल्या कुंपणाआडून बघत होते. आठ जणांनी भट्टी उचलून फक्कीच्या खोलीत ठेवली.

भट्टी भिंतीतून अर्धा मीटर बाहेर आली.

लोक आधी भट्टीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. ‘‘आता मधात भिंत कशी बांधाची?’’ विमलनं विचारलं. कुंपणाआडून कुणीतरी हसलं. कोण ते सांगायची गरज नाही.

नजीरनं खिशातून पोलादी टेप काढली, भट्टीला लावली. ‘‘देखो सर, साडेसहा. बरोबर हाय. आता खोली मोजून पाहू एक डाव?’’

खोली मोजायची! माझी रेघ, माझ्याच विद्यार्थ्यानं, माझ्याच बायकोसमोर मोजायची! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जे बोललो ते लिहिताना अजून लाज वाटते. मी म्हणालो, ‘‘नजीर, माझी रेघ एकतीस वर्षांत चुकली नाही. तुझंच अंतर चुकलं असणार. तुझं त्या दिवशीही चुकलं होतं.’’

त्या दिवशी म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात. खो-खोत मी पोरांना एक खास गोष्ट शिकवायचो. पळताना खांबाकडे बघायचं नाही, पावलं मोजायची. मैदानाच्या मधून खांबापर्यंत नऊ पावलं आणि दहाव्याला डोळे मिटून सूर. खांब तिथे असणारच. आमची शाळा तालुक्याला एकवीस वेळा जिंकली. शेवटच्या मिनिटाला खांबाशी असलेला एक गडी बाद करायचा होता, नजीर नऊ पावलं पळाला, सूर मारला, आणि गड्याच्या घोट्यापासून वीतभर अलीकडे त्याचा हात मातीत आपटला. परतीच्या एसटीत मी अकरा पोरांच्या पाठीवर हात ठेवला, बाराव्याच्या नाही. आम्ही जिल्ह्याला कधीच जिंकलो नाही. यवतमाळचं पाणी पोरांना मानवत नाही, असं मी मुख्याध्यापकांना दर वर्षी लिहून द्यायचो.

 नजीरनं टेप भट्टीवर ठेवली, ‘‘राहू द्या सर,’’ म्हणाला आणि ट्रॅक्टरवर बसून गेला. शमसुन्निसाबाईही त्याच्या मागोमाग निघाल्या. विमल माझ्याकडे बघत राहिली. ‘‘परवा कोबा हाय,’’ एवढंच बोलली. त्या आवाजापेक्षा तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीचे प्रेमसिंग राठोड आले. त्यांच्याकडे तिपाईवरचं एक यंत्र होतं, ते आकाशाला विचारून जमीन मोजतं म्हणे. त्यांनी चार कोपरे बघितले, चहा घेतला आणि कागदावर लिहिलं : अठ्ठावीस मीटर. ‘‘तीस नाही?’’ मी विचारलं. ‘‘सर, जमीन कुठून वाढन? थे काय मका हाय?’’ असं म्हणून ते गेले. मारोतराव कुंपणाशी आले होते. त्यांचंही काही हरवलं नव्हतं, हे कळल्यावर त्यांचा चेहरा माझ्याहून जास्त पडला. दोन मीटर मनातल्या मनात त्यांनीही पेरले असावेत.

उन्हं कलताना मी एकटाच प्लॉटवर गेलो. नजीरची टेप भट्टीवर तशीच होती. मी दोरी जमिनीवर सरळ पसरली आणि शेजारून टेप ओढत नेली. तीस चिंध्या, अठ्ठावीस मीटर.

दोरीला चार गाठी होत्या. त्या मला माहीत होत्या, मीच मारल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत दोरी चारदा तुटली. दर वेळी विसकटलेली टोकं कापायची आणि घट्ट गाठ मारायची. दर गाठीत अर्धा मीटर गेला आणि चिंध्या मात्र तेवढ्याच राहिल्या. पहिल्या सात चिंध्यांतच दोन गाठी होत्या, म्हणून भट्टीची सात मीटरची खोली सहा मीटरची. गाठी मारताना मला वाटायचं, काय मजबूत झालीय! एवढ्यावरच मी थांबलो असतो तर बरं होतं, पण माणसाचं मन पुढे पळतं. शाळेचं खो-खोचं मैदान याच दोरीनं आखलं होतं. मधून खांबापर्यंतच्या बारा मीटरमध्ये याच दोन गाठी होत्या. आमचं मैदान मीटरभर आखूड होतं. तालुक्याचे सामने आमच्याच मैदानावर व्हायचे, म्हणून आम्ही एकवीस वेळा जिंकलो. आणि जिल्ह्याच्या मैदानावर माझी पोरं डोळे मिटून, माझ्यावर विश्वास ठेवून, मीटरभर अलीकडे सूर मारायची.

मी कार्यालयात जाऊन खुर्चीवर बसलो आणि डोळे मिटले. भिंती काही वर आल्या नाहीत.

कोणाला सांगायलाच हवं होतं असं नाही. फक्की वाऱ्यानं सरकली म्हटलं असतं तर गावानं मानलं असतं. पहाटे उठून टेपनं नव्या रेघा मारायच्या, दोरी विहिरीत टाकायची, संपलं. हाच बेत करून मी झोपलो आणि सकाळी सहा वाजता फक्कीची बादली घेऊन प्लॉटवर गेलो. पण माझ्या आधी नजीर आला होता. शेजारी गॅसचं सिलिंडर, हातात कटर. शमसुन्निसाबाई बाजूला उभ्या होत्या. विमल आणि मिस्त्री रस्त्यावर सिमेंट कालवून घेत होते.

‘‘काय करतोयस नजीर?’’ मी विचारलं.

‘‘अर्धा मीटर कापून टाकतो सर. तुमी सात सांगतलं म्हनजे सातच असन. मायंच चुकलं असन कुठीतरी.’’ त्यानं कटर पेटवला. निळी जीभ फुरफुरली.

‘‘अवो, पन भट्टी खराब होईन ना!’’ विमल ओरडली.

‘‘होईन थोडीशी,’’ नजीर म्हणाला, ‘‘पन सरांची रेघ नाही हलवत मी.’’

माझ्या हातातली बादली खाली पडली आणि सगळी फक्की माझ्या पायांवर सांडली. ‘‘बंद कर ते,’’ मी म्हणालो. ‘‘दोरी आखूड आहे.’’

मग मी सगळं सांगितलं. गाठी दाखवल्या, टेप लावून दाखवली. मारोतराव कुंपणाशी आले होते, त्यांच्याही समोर सांगितलं.  नजीरनं कटर बंद केला. बराच वेळ तो गाठीवर अंगठा फिरवत राहिला.

‘‘सर, मैदान बी याच दोरीचं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मधून खांबापर्यंत किती कमी?’’

‘‘मीटरभर.’’

‘‘अन् मी कमी पडलो थो किती?’’

‘‘वीतभर,’’ मी म्हणालो. ‘‘तू त्या दिवशी माझ्या मैदानापेक्षा जवळजवळ मीटरभर जास्त गेला होतास, नजीर. माझंच चुकलं होतं. सव्वीस वर्षं माझंच चुकत होतं.’’

 शमसुन्निसाबाई पुढे आल्या. ‘‘लग्न झाल्यापासून पाहून राह्यली मी सर. झोपेत पाय हलवतेत अन् मोजतेत. नऊवर आले का दचकून उठतेत. मी किती डाव इचारलं, पुढं दहा कवा येनार?’’

कुणी हसलं नाही. मारोतरावांनी टेपचं एक टोक उचललं आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘चला सर, नीट मोजून टाकू आता.’’ आम्ही दोघांनी टेप ताणली. अठ्ठावीस मीटरात भट्टी, वाळवण, गोदाम, पाकिटांची खोली सगळं नीट बसलं. बसलं नाही ते फक्त व्यवस्थापकाचं कार्यालय. ते मी माझ्याच पायानं पुसलं. ‘‘थे पुसाव लागनच, हे मले पयल्या दिवशीच माहीत होतं,’’ विमल म्हणाली, पण हळू आवाजात.

मिस्त्री फावडं घेऊन तयार झाला. तेवढ्यात नजीर म्हणाला, ‘‘सर, एक मिनिट. बारा मीटर मोजून द्या ना मले.’’

मी टेपनं बारा मीटर मोजले, दोनदा मोजले, आणि टोकाला मिस्त्रीची पहार रोवली. नजीरनं चपला काढल्या. पोट सुटलेलं, गुडघ्यावर वेल्डिंगचे डाग, वय त्रेचाळीस. तो दुसऱ्या टोकाला जाऊन खाली बसला, खो मिळाल्यासारखा उठला आणि पळाला. डोळे मिटलेले. आम्ही सगळे मोठ्यानं मोजत होतो. मारोतराव सगळ्यांत मोठ्यानं. सात, आठ, नऊ. नवव्या पावलावर तो क्षणभर अडखळला.

‘‘पुढे ये, नजीर!’’ मी ओरडलो. ‘‘अजून आहे!’’

दहा. अकरा. त्याचा हात पहारीवर पडला आणि तिथेच घट्ट राहिला. तो वाकून धापा टाकत होता. मी फक्कीनं पांढऱ्या झालेल्या पायांनी चालत गेलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं भिजला होता. त्यानं मान वर केली नाही आणि मीही हात काढला नाही.

‘‘ताई, कोब्याचा माल घट्ट होऊन राह्यला,’’ मिस्त्री मागून म्हणाला.

‘‘होऊ दे,’’ विमल म्हणाली.